थंड खोलीतला घाम

सोमवारी सकाळी तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता, आणि तो कुणी सुजवला हे मांसाच्या त्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. निदान सगळ्यांची तशी खात्री होती.

“दाराचा कोपरा लागला,” ती म्हणाली.

“असं?” चिमणी म्हणाली. चिमणी ही तिच्या शेजारी उभी राहून पाकिटांना सील मारणारी बाई. अंगाने एवढी दांडगी, की हे नाव ठेवणाऱ्याने मुद्दामच ठेवलं असणार. “माझ्या पहिल्या घरातही असलंच एक दार होतं गं. पगार झाला की पिऊन यायचं.”

आजूबाजूच्या दोघीतिघी फिसकन हसल्या. ती हसली नाही. हसलं की डोळा ठणकत होता, आणि खरं सांगायची तिला चोरी होती.

खरं असं होतं. तिच्या नवऱ्याला एकोणिसाव्या वर्षापासून डायबेटीस होता, रोज इन्शुलिन टोचून घ्यावं लागणारा. रविवारी भर दुपारी तो छपरावर चढून पत्रे ठोकत बसला. जेवायला हाका मारल्या तर “आलो, आलो” करत राहिला. खाली उतरला तेव्हा त्याची साखर उतरलेली होती. घामाने न्हाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. तिने विचारलं, “अहो, मी कोण?” तर म्हणाला, “तू माझा हातोडा चोरलास.” एरवी ती त्याला अहो-जाहो करायची. साखर उतरली की अहो-जाहो संपायचं. “ए, तोंड उघड! गिळ!” असं ओरडत तिने साखरेच्या पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला. त्याला वाटलं ही विष पाजतेय. त्याचं कोपर असं फिरलं, की ती कपाटावर जाऊन आदळली. उठली, पेला पुन्हा भरला, पुन्हा गेली. पंधरा-वीस मिनिटांनी माणूस माणसांत आला आणि विचारतो कसा, “अगं, तुझ्या डोळ्याला काय झालं?” तिने सांगितल्यावर ढसाढसा रडला.

रडला, पण शपथ काही मागे घेतली नाही.

शपथ ही, की कारखान्यात कुणाला कळता कामा नये. तिथे एक फेफरं येणारा माणूस होता. एकदा कामावर पडला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली आणि गटाराची जाळी धुवायला बसवलं. चार महिन्यांत त्याचं नाव सगळे विसरले. जाळीवाला म्हणू लागले. आणि तिच्या नवऱ्याला सगळे ‘उस्ताद’ म्हणायचे. मांडीचं हाड तो असं सोडवायचा की हाडावर मांसाचा तंतू राहायचा नाही. “सुरी गेली की मी कोण? सांग ना, कोण?” असं म्हणून त्याने तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता. “तुझ्या दादाला तर मुळीच नको सांगू. तो माझ्याकडे कीव करून बघेल, ते मला मेल्याहून मेल्यासारखं.” शपथ घालणाऱ्या पुरुषांचं हे बरं असतं. शपथ घालायची त्यांनी, आणि मार खाऊन पाळायची बाईने.

दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, नवऱ्याच्याच पट्ट्यावर, त्याच्यासमोर उभा राहून मांस कापायचा. सकाळी फाटकाशी त्याने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं होतं.

“कोणी?”

“दादा, दार लागलं.”

“ठीक आहे, धाकटे. दाराशी बोलतो मी.”

नवरा चार पावलांवर उभा होता. खाली मान घालून बूट चढवत होता. दादाला तेवढं पुरलं.

*

कापणाऱ्यांच्या दालनात खाण्याची वस्तू नेली की नोकरी गेली. त्यांच्या पांढऱ्या कोटांना खिसेच नसतात. मांसात काही पडायला नको म्हणून ते शिवतानाच बिनखिशाचे शिवलेले असतात. कोटावर लोखंडी कड्यांचा जड एप्रन, डाव्या हाताला तसलाच कड्यांचा मोजा. तिने नवऱ्याच्या आतल्या बनियनला एक चोरखिसा शिवून दिला होता. त्यात ग्लुकोजच्या चार गोळ्या. पण त्या गोळ्यांपर्यंत पोचायचं तर मोजा काढा, एप्रन सोडा, कोटाची बटणं उघडा, आणि तोवर पट्ट्यावरचं मांस पुढे निघून जाणार. मग पुढचे आईबहिणीवरून शिव्या घालणार. म्हणून त्याने आपली एक युक्ती काढली होती. अकराच्या सुट्टीची घंटा व्हायच्या दहा मिनिटं आधी तो संडासात जायचा, पायमोज्यात लपवलेलं इन्शुलिनचं पेन काढून पोटात टोचायचा, आणि घंटा झाली की सरळ डब्यावर. घड्याळ चुकत नव्हतं तोवर युक्ती चालली.

त्या सोमवारी अकराची घंटा झालीच नाही. भोंग्यातून मुकादमाचा आवाज आला. “गाडी फाटकात उभी आहे. गाडी भरल्याशिवाय सुट्टी नाही. कुरकुर करणाऱ्याने राजीनामा आणून द्यावा, मी पेन देतो.”

तिने घड्याळाकडे बघितलं. सुई आत गेलेली असणार. औषध कामाला लागलेलं असणार, आणि त्याला झेलायला पोटात अन्नाचा कण नाही. ती तडक मुकादमाकडे गेली.

“साहेब, पाच मिनिटं जाऊ द्या. नवऱ्याला निरोप द्यायचाय.”

“घरी बोलत नाही का तो?” मुकादमाने तिच्या डोळ्याकडे बघितलं. “बोलतो की. चांगला जोरात बोलतो. जा, सील मार.”

ती जागेवर परतली. परत यायला नको होतं. हे तिने नंतर कुणापासून झाकून ठेवलं नाही: शपथ मोडायची भीती, मुकादमाची भीती, आणि अशी अगदी किरकोळ भीती की सगळ्यांसमोर तमाशा होईल. चोरखिशात गोळ्या आहेत, तो खाईल, लहान आहे का आता, असं मनाला समजावत तिने आणखी वीस मिनिटं पाकिटं बंद केली. वीस मिनिटांत किती पाकिटं होतात ते विचारू नका.

मग पलीकडच्या दालनातून आरडाओरडा आला. पट्टा थांबला. पट्टा कधी थांबत नाही. आणि थोड्या वेळाने रिकामा गाडा ढकलत गाडेवाला आला, तोंडभर हसत.

“उस्ताद पिऊन आलाय! सुरी घेऊन नाचला नुसता. मुकादमाला म्हणतो, तुझं हाड सोडवतो. दादाने हाणला की त्याला. दोन दात पाडले, लाथा घातल्या. सुरी काढून घेतली आणि घातला थंडीत.”

थंडीत घालणं ही तिथली रीत होती. दोन वर्षांपूर्वी एक जण पिऊन आला आणि शेजाऱ्याची तीन बोटं त्याच्या सुरीने गेली. तेव्हापासून कापणाऱ्यांनी आपापसांत ठरवलं होतं: कुणी झिंगलेला दिसला की आधी सुरी हातातून सुटेपर्यंत मारायचं, मग जनावरं टांगून ठेवतात त्या थंड खोलीत पंधरा मिनिटं कोंडायचं. वरच्या साहेबांना कळवायचं नाही. माणूस कुडकुडत, शुद्धीवर येऊन बाहेर पडतो, नोकरी वाचते. त्यांच्या लेखी ही माणुसकी होती, आणि तिचा त्यांना अभिमान होता.

तिने गाडेवाल्याची कॉलर धरली. “घाम होता का त्याला?”

“अं?”

“घाम! घाम आला होता का?”

“भिजला होता नुसता. पाणी ओतल्यासारखा. आणि कापत होता.” गाडेवाल्याचं हसू ओसरलं. त्या दालनात बारा महिने लोकांच्या नाकाचा शेंडा गार पडतो. तिथे घाम कुणालाच येत नाही, दारू प्यायलेल्यालाही नाही. हे इतक्या माणसांनी बघितलं आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

“किती वेळ झाला कोंडून?”

“झाली असतील सात-आठ मिनिटं.”

“चिमणे,” ती म्हणाली, “अँब्युलन्स बोलाव. डायबेटीसचा माणूस, साखर उतरलीय, बेशुद्ध आहे, एवढंच सांग. दारूचा द सुद्धा काढू नकोस.”

“अगं बाई! उस्तादला डायबे...”

“नंतर!”

आणि ती पळाली. थंड खोलीकडे नाही, उलट्या दिशेला, कपड्यांच्या कपाटांकडे. चिमणीला वाटलं हिचं डोकं फिरलं. पण कपाटात, तिच्या डब्याच्या मागे, साखर चढवणाऱ्या इंजेक्शनची लाल प्लास्टिकची डबी होती. दवाखान्यातल्या नर्सने तिला ती दिली होती आणि संत्र्यात सुई टोचायला लावून वापरायला शिकवली होती. “शुद्ध असेल तर साखर तोंडाने,” नर्स म्हणाली होती. “शुद्ध नसेल तर तोंडात काहीही नाही. काहीही म्हणजे काहीही. पाणी नाही, मध नाही, प्रेम नाही. कुशीवर वळवायचं आणि हे मांडीत.”

*

थंड खोलीच्या दारापुढे दादा पाय फाकून उभा होता. दाराच्या कडीत त्याने लोखंडी खिट्टी घातली होती, म्हणजे आतून ढकललं तरी उघडू नये. उजव्या हाताची बोटं रक्ताने माखलेली. त्याच मुठीत निळं पेन.

“बघ,” त्याने ते तिच्या नाकासमोर धरलं. “पायमोज्यात सापडलं. दारू नाही घेत तुझा नवरा. सुया घेतो. गर्दुल्ला निघाला! आणि वर तुला मारतो.”

“दार उघड.”

“पंधरा मिनिटं झाली की उघडेन.”

“दादा, त्याला डायबेटीस आहे. ते इन्शुलिन आहे. साखर उतरलीय त्याची. मरेल तो!”

“डायबेटीस म्हणजे साखर जास्त. मला शिकवतेस? आपल्या काकाचा पाय कापला ना त्यात.”

“औषधाने उतरते रे! औषध घेतलं आणि खाल्लं नाही की उतरते! डोकंच चालत नाही मग. त्याला कळतच नाही आपण काय करतोय. काल मला लागलं ते असंच लागलं!”

“आणि हे इतकी वर्षं कुणाला माहीत नाही?” दादाचा आवाज खाली आला. तो असा बोलायला लागला की लहानपणी ती पलंगाखाली जायची. “अजून त्यालाच पाठीशी घालतेस, धाकटे. तुझ्या तोंडाकडे बघ जरा. मरू दे त्याला.”

दादाच्या कमरेला साखळीने धार लावायची सळई लटकत होती. कापणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला असते. हातभर लांब, पोलादी, जाड. तिने ती हिसकली. साखळीचा आकडा तुटला. दादाने हात पुढे केला, आणि त्या हाताच्या मनगटावर तिने सगळं अंग ओतून सळई मारली. ओल्या फांदीसारखा आवाज झाला. दादा ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा डावा हात आपोआप फिरला. चापट नव्हती ती. कड्यांच्या मोज्यासकट तिच्या कानावर बसली. ती दारावर आदळली. गाल फाटला, तोंडात रक्ताची चव आली. बापाने मारलं असेल, नवऱ्याच्या हातून लागलं असेल, पण दादाने जन्मात तिच्यावर हात उगारला नव्हता.

बायकोला मारणाऱ्याला मारून आलेला हा माणूस, बहिणीच्या रक्ताने ओला झालेला मोजा बघत उभा.

“झालं?” ती म्हणाली. “आता सरक.”

तो सरकला. तिने सळईच्या टोकाने खिट्टी ठोकून वर काढली.

आत टांगलेल्या अर्ध्या जनावरांच्या मधे, ओल्या फरशीवर नवरा उताणा पडला होता. तोंड उघडं, तुटलेल्या दातांतून आलेलं रक्त घशात साचलेलं, आणि त्यातून घोरल्यासारखा गुळगुळ आवाज. कपाळाला हात लावला तर गार, आणि त्या गारठ्यातही चिकट ओलं. “ए!” तिने खांदा गदागदा हलवला. “ए, माझ्याकडे बघ!” पापणी हलली नाही. तिने त्याला कुशीवर लोटलं, हनुवटी वर केली, गालातलं रक्त बोटाने ओढून काढलं. दाताचा एक तुकडा फरशीवर टिंग करून पडला. गुळगुळ थांबली. श्वास चालू होता.

“पाय धर,” ती म्हणाली. दादाने मोडका हात छातीशी धरून एका हाताने पाय धरले. दोघांनी त्याला ओढत बाहेर आणलं.

*

तोवर मुकादम पोचला होता, मागे सगळा पट्टा. सुऱ्या हातातच. डायबेटीस हा शब्द चिमणीच्या तोंडून दालनभर झाला होता, आणि मुकादमाने कुठूनतरी थंड पेयाची बाटली आणली होती.

“माझ्या सासऱ्यांना आहे, मला सगळं माहितीय. गोड द्यायचं असतं,” असं म्हणत तो गुडघ्यावर बसला आणि तिला कळायच्या आत त्याने बेशुद्ध माणसाचं तोंड उघडून बाटली उपडी केली.

नवऱ्याच्या घशातून बुडणाऱ्या माणसाचा आवाज आला. ओठ निळे पडायला लागले. तिने विचार केला नाही. गमबूट मुकादमाच्या छातीवर बसला आणि तो मागच्या मागे दोन जणांना घेऊन कोसळला. तिने नवऱ्याचं तोंड जमिनीकडे वळवलं. फेसाळ गुलाबी पाणी बाहेर आलं, खोकला आला, श्वास पुन्हा लागला.

“गिळता येतंय का त्याला? दिसतंय का गिळताना? फुप्फुसात जाईल ते! बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही!”

“मग हे घे!” मुकादम आता घाबरला होता, आणि घाबरलेला साहेब रागावलेल्या साहेबापेक्षा वाईट. त्याने दादाच्या हातातून पडलेलं निळं पेन उचललं, टोपण काढलं. “त्याचंच औषध आहे ना? रोजचं आहे ना? टोचतो मी!” आणि वाकला की खरंच.

इथे सांगून ठेवतो. अशा वेळी ते पेन टोचणं म्हणजे विहिरीत पडलेल्याच्या गळ्यात दगड बांधणं. मुकादम खुनशी माणूस नव्हता. अर्धवट माहितीचा माणूस होता, आणि अशांच्या हातून जास्त माणसं जातात.

तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. दात हाडाला लागेपर्यंत. पेन पडलं, ती सोडत नव्हती, मुकादम किंचाळत तिच्या पाठीत बुक्के घालत होता. शेवटी दादाने एका हाताने मुकादमाची मान धरून त्याला मागे खेचलं आणि भिंतीवर आपटलं.

“ती सांगेल ते,” दादा म्हणाला. “फक्त ती सांगेल ते. बाकी कोणी पुढे आला तर मला एक हात पुरतो.”

तिने एकाच्या हातातली सुरी घेऊन एप्रनचे पट्टे कापले, कोट फाडला. चोरखिशातून चार गोळ्या पडल्या, कागदात जशाच्या तशा.

“ह्या! ह्या जिभेखाली ठेव,” कुणीतरी म्हणालं.

“तोंडात काही नाही म्हटलं ना!”

त्या गोळ्या तिने मुठीत आवळल्या. एवढंसं काम होतं त्यांचं, वीस मिनिटांपूर्वी.

लाल डबी उघडली. बाटलीत पावडर, सिरिंजमध्ये पाणी. पाणी बाटलीत सोडायचं, फिरवायचं, पुन्हा ओढून घ्यायचं. संत्र्यात सुई पहिल्या फटक्यात गेली होती. आता ती बाटलीच्या रबरी बुचावरून दोनदा घसरली. “हळू, धाकटे,” दादा म्हणाला. “हळू. मी धरतो बाटली.” त्याने त्याच रक्ताळलेल्या, सुजत चाललेल्या बोटांत बाटली धरली. पावडर विरघळली. तिने पॅन्टवरूनच मांडीत सुई घुसवली आणि दट्ट्या शेवटपर्यंत दाबला.

“आता?”

“आता थांबायचं. कुशीवर धरून ठेव. दाबू नकोस. श्वासाकडे बघ.”

साखर मोजायचं यंत्र तिने डबीबरोबर आणलं होतं. बोटाला टोचून थेंब लावला तर पडद्यावर आकडाच येईना; असल्या थंडीत ते यंत्र चालत नाही. तिने ते काखेत धरलं. आकडा नसला तरी उपचार थांबवायचे नसतात, हेही नर्सने सांगितलं होतं.

दहा मिनिटं गेली. पट्टा बंद, टांगलेली जनावरं, पंधरा-वीस माणसं सुऱ्या घेऊन उभी आणि मधे एक बाई नवऱ्याच्या नाकाशी हात धरून बसलेली. मग नवऱ्याचा पाय झटकला. हात उठला, कुठेही लक्ष नसलेला, आणि तिच्या खांद्यावर धप्पकन येऊन आदळला. ती हलली नाही. दुसऱ्यांदा आला, तिने मान तेवढी बाजूला घेतली. सवयीने, बोलता बोलता माशी चुकवावी तशी. दादा ते बघत होता. त्याने खालचा ओठ दातांत धरला.

नवरा ओकला. कुशीवर होता म्हणून सगळं बाहेर पडलं. डोळे उघडले.

“ए. मी कोण?”

“हातोडा,” तो म्हणाला. मग म्हणाला, “अगं, तू.”

चिमणी हुंदका देऊन रडली. मुकादम बाटली घेऊन पुन्हा पुढे सरकला. माणूस चिवट होता. “आता देऊ?”

“साखरेचं आहे ना? बिनसाखरेचं नाही?” तिने लेबल बघितलं. नवऱ्याला टेकवून बसवलं, घोटभर पाणी गिळायला लावून खात्री केली, मग पेयाचा पेला भरून त्याच्याच हातात दिला. अर्धा पेला झाल्यावर काढून घेतला.

“सगळी बाटली दे की!”

“नको. पंधरा मिनिटांनी बघायचं, कमी असली तर पुन्हा एवढंच.” काखेत गरम झालेल्या यंत्राने आकडा दाखवला: अठ्ठावन्न. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं: चौसष्ट. सत्तरच्या खाली, म्हणून पुन्हा अर्धा पेला. पुन्हा पंधरा मिनिटं. एक्क्याण्णव. तेव्हा कुठे तिने त्याला पाव खाऊ दिला. गोड टिकत नाही, त्याच्या मागोमाग पोटात अन्न लागतं. तो दात नसलेल्या बाजूने सावकाश चावत होता.

पावाचा दुसरा घास घेताना मुकादम त्याच्या कानाशी बसला. हलक्या आवाजात, सगळं ठरवून. “हे बघ उस्ताद. तू घसरून पडलास. ओल्या फरशीवर. दात पडले. थंड खोली, मारामारी, काही झालं नाही. डायबेटीसचंही कुणी बोलणार नाही. तुझी सुरी तुझ्या हातात, दादाची नोकरी दादाकडे, मी माझ्या जागी. हो म्हण.”

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. पांढऱ्या ओठांचा, रक्ताळलेला, उद्याच पुन्हा सुरी धरू बघणारा. “हो,” तो म्हणाला. “घसरलो.”

दार उघडून अँब्युलन्सची बाई आत आली, हातात वही. “काय झालं इथे?”

“घसरून पडला,” मुकादम म्हणाला.

“घसरलो,” नवरा म्हणाला.

“खोटं,” ती म्हणाली.

“अगं,” नवरा म्हणाला, “सुरी जाईल. शपथ आहे तुला.”

“जाऊ दे. शपथही जाऊ दे.” तिचा आवाज चढला, कारण हळू बोलायचं सगळं तिने इतक्या वर्षांत संपवलं होतं. “लिहा, बाई. इन्शुलिनवर आहे. अकराला दहा कमी असताना टोचलं, अकराची सुट्टी रद्द केली, अन्न नाही. बेशुद्ध पडला. त्याआधी सगळ्यांनी दारुड्या समजून मारला आणि थंड खोलीत कोंडला. बेशुद्ध असताना तोंडात पेय ओतलं, फुप्फुसात गेलं असेल, ते आधी तपासा. तो उद्यापासून जाळी धुवेल, मला चालेल. जाळी धुणारा नवरा मला चालेल. हे लिहा.”

“तू मला संपवलंस,” नवरा पुटपुटला.

“हो. बस आता.”

अँब्युलन्सच्या बाईने लिहिलं. मग पेन वर न उचलता विचारलं, “कोणी मारलं?”

दालनात सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मुकादमाने दादाकडे बघून मान हलवली, नको नको अशी.

“मी,” दादा म्हणाला. “दात मी पाडले. लाथाही माझ्या. दार मीच लावलं.”

“का?”

“मला वाटलं...” दादा म्हणाला आणि थांबला. त्याच्या तोंडाचे कोपरे लहान मुलासारखे खाली आले. “त्याला घाम आला होता. मी बघितला. समोर उभा होतो, बघितला मी.”

“पुरे, दादा,” ती म्हणाली. “बाई, त्याचा हात मोडलाय. मी मोडला. तेही लिहा, आणि दोघांनाही गाडीत घाला.”